चौकोन त्रिकोणी का होतो, गोलाची वाटी का होते: क्रोशे आणि कापडाच्या पहिल्या वस्तू

एका ताईंनी विचारलं आहे: "मला क्रोशाच्या आणि कापडाच्या छोट्या वस्तू शिकायच्या आहेत. केसांचे रबर, बटवा, कानातली, लेस लावलेला रुमाल. घरात आईची बारीक स्टीलची सुई आणि पांढरा दोरा आहे, शिलाई मशीन नाही. दोन महिने व्हिडिओ बघून प्रयत्न केला. चौकोन विणायला घेतला की तो त्रिकोण होत जातो, गोल विणला की वाटी होते. एक बटवा हाताने शिवला तो पहिल्याच धुण्यात शिवणीवर उसवला. दहा वर्षांच्या डावखुऱ्या लेकीलाही शिकायचं आहे. आणि पुढच्या संक्रांतीला वाणासाठी काही करून विकता येईल का?"

ताई, तुम्ही जे बिघडलं म्हणून लिहिलं आहे, ते सगळं मोजण्यातलं आहे. हात चांगला नाही असं त्यातून अजिबात ठरत नाही. गेली तीस वर्षं मी हे शिकवते आहे, आणि वर्गात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीचा पहिला चौकोन त्रिकोणीच असतो.

आधी सुईचं बोलू. आईची सुई जपून ठेवा, पण सध्या बाजूला ठेवा. त्या सुयांवर नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. बारीक सुईवर पांढऱ्या दोऱ्याचा टाका डोळ्यांना दिसतच नाही. जो दिसत नाही तो मोजता येत नाही. ॲल्युमिनियमची किंवा रबरी मुठीची ४ मिलिमीटरची सुई घ्या, आणि तिला साजेसा जाडसर, गुळगुळीत, फिक्या रंगाचा दोरा: साधी ॲक्रिलिक लोकर चालेल. बाजारात 'मिल्क कॉटन' म्हणून मऊ दोरा मिळतो, तो जरा बारीक असतो, त्याला अडीच ते तीन मिलिमीटरची सुई लागते. काळा, गडद निळा आणि केसाळ दोरा पहिले तीन महिने घ्यायचा नाही. पुण्यात रविवार पेठ आणि तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वर, इथे हे सगळं मिळतं, पण दोऱ्याची एकच गुंडी आणि एकच सुई घेऊन घरी या. सुयांचा मोठा संच घेऊ नका, त्यातल्या तीन-चारच वापरात राहतात.

व्हिडिओंमुळे आणखी एक घोटाळा होतो, तो नावांचा. आपल्याकडे साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब अशी नावं आहेत. सुईवर वेढा न घेता विणलेला बुटका टाका म्हणजे मुका खांब, आणि आधी एक वेढा घेऊन विणलेला उंच टाका म्हणजे खांब. अमेरिकन पद्धतीत मुक्या खांबाला 'सिंगल क्रोशे' म्हणतात आणि खांबाला 'डबल क्रोशे'. ब्रिटिश पद्धतीत मात्र मुक्या खांबालाच 'डबल क्रोशे' म्हणतात, आणि खांबाला 'ट्रेबल'. म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ. ओळखायची खूण सोपी आहे: नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' असेल तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत ते नावच नाही. दोन महिन्यांतले तुमचे काही नमुने यामुळेही फसले असतील.

आता चौकोन. १६ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, मग प्रत्येक साखळीत एक. मोजा: १५ झाले पाहिजेत. काम उलटं फिरवा, एक साखळी घाला आणि पुढची ओळ सुरू करा. चूक इथेच होते. ती एक साखळी फक्त उंची गाठण्यासाठी असते, टाका म्हणून मोजायची नसते. त्यामुळे पहिला मुका खांब अगदी कडेच्या टाक्यात घालायचा. नवशिकी बाई कडेचा टाका सोडून दुसऱ्यात सुई घालते, आणि ओळीच्या शेवटी जो टाका थोडा आडवा पडलेला असतो तो तिला दिसत नाही. दोन्ही कडांना एकेक टाका गेला की पंधराचे तेरा, तेराचे अकरा, आणि त्रिकोण तयार. याउलट, कडेची ती साखळी टाका समजून तिच्यातही विणलं तर काम रुंद होत जातं.

उंच खांबांच्या ओळीचा नियम वेगळा आहे, तोही लगेच समजून घ्या, नाहीतर मुक्या खांबाची सवय तिथे नडते. खांबाच्या ओळीला सुरुवातीला तीन साखळ्या घालतात आणि त्या तीन मिळून पहिला खांब धरला जातो. म्हणून दुसरा खांब कडेचा टाका सोडून पुढच्यात, आणि ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर. पंधरा खांबांसाठी १७ साखळ्या घालून चौथ्या साखळीत सुई घाला, हिशेब बरोबर जुळतो.

टाके वाचायचे कसे? काम वरून, कडेच्या बाजूने बघा. घातलेल्या वेणीसारखी ओळ दिसेल. वेणीचा एक दुवा म्हणजे एक टाका, आणि सुई त्या दुव्याच्या दोन्ही धाग्यांखालून जायला हवी. प्रत्येक ओळीच्या पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात एक छोटी सेफ्टी पिन अडकवा. पुढच्या ओळीत त्या पिना काढून तिथेच विणायचं आणि पिना वर सरकवायच्या. दर ओळीला मोठ्याने मोजा. असे हातभर पट्टे विणून झाले की पिना आपोआप सुटतात, आणि टी.व्ही. बघतानाही हात चुकत नाही.

साखळी फार घट्ट येत असेल तर फक्त पहिल्या ओळीपुरती अर्ध्या मिलिमीटरने जाड सुई घ्या. "सैल घाला" असं नुसतं सांगून कुणाचा हात सैल होत नाही, हे मी पुष्कळ पाहिलं आहे.

गोलाचं गणित मला स्वतःला फार आवडतं. शाळेत परिघाचं सूत्र शिकलो ना, दोन गुणिले ३.१४ गुणिले त्रिज्या? गोलाची प्रत्येक फेरी म्हणजे त्रिज्या एका टाक्याच्या उंचीने वाढणं. त्रिज्या एकाने वाढली की परिघ साधारण सव्वासहाने वाढतो. मुका खांब जवळपास जितका उंच तितकाच रुंद असतो, म्हणून प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवले की गोल सपाट राहतो: ६, १२, १८, २४, ३०, ३६. खांब सुमारे दुप्पट उंच, म्हणून त्याचा गोल १२, २४, ३६ असा वाढतो. वाढ कमी पडली की कडेला टाके अपुरे होतात आणि काम वर वळून वाटी होते, जास्त झाली की कडेला झालर येते. तुमची वाटी होते आहे, म्हणजे कुठल्यातरी फेरीत तुम्ही वाढवायचे विसरता, किंवा खांबाचा नमुना मुक्या खांबाच्या आकड्यांनी विणता.

कृती अशी: दोन साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येकात दोन. तिसरीत एकात एक, पुढच्यात दोन, असं सहा वेळा. चौथीत दोन टाके साधे आणि तिसऱ्यात दोन. दर फेरीला एक साधा टाका वाढत जातो. फेरी कुठे सुरू झाली ते पिनेशिवाय कळत नाही, ती लावाच. वाढवायचे टाके दर वेळी एकाच रेषेवर आले तर गोलाला सहा कोपरे फुटतात. ते नको असतील तर एखाद्या फेरीत वाढ थोडी पुढे सरकवा.

हे दोन्ही कळलं की केसांचा रबर तासाभरात होतो. तयार जाड काळा रबर घ्या. सरकगाठ घालून सुई रबराच्या मधून काढा आणि रबराला वेढत मुके खांब विणा, रबर पूर्ण झाकला जाईपर्यंत. साधारण चाळीस ते पन्नास बसतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात तीन खांब. गोलात नको असलेली ती झालर इथे आपण मुद्दाम काढतो! झालर दाट हवी असेल तर तीनाऐवजी चार. पहिली वस्तू म्हणून मी नेहमी हीच देते, कारण टाके थोडे पुढेमागे झाले तरी झालरीत खपून जातात आणि वस्तू लगेच केसांना लावता येते. मात्र एक रबर करून फुलाकडे, फुलाकडून बाहुलीकडे, असं धावू नका. पाच रबर करा. पाचवा पहिल्याशेजारी ठेवून बघा.

आता दोऱ्याच्या टोकांबद्दल, आणि हे अगदी कळकळीने सांगते. मी नवीन असताना एका घरी क्रोशाच्या फुलांचं एक तोरण करून दिलं होतं. प्रत्येक फूल संपवताना गाठ मारायची आणि दोरा गाठीशी कापायचा, इतकंच मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर त्यांनी ते धुतलं आणि निम्मी फुलं उलगडून परत आली. ते सगळं तोरण मी पुन्हा विणून दिलं. तेव्हापासून शेवटचं टोक वीतभर सोडते. बोथट टोकाची लोकरीची सुई घेऊन ते टाक्यांच्या आतून एका दिशेने दोन इंच, मग वळून एक धागा सोडून उलट दिशेने, मग परत पहिल्या दिशेने ओवायचं. असं तीनदा ओवलं की ते सहसा निघत नाही. गाठीवर भरवसा ठेवू नका, विशेषतः मर्सराइज्ड चकचकीत दोऱ्याला. त्यात गाठ सरकते.

तुमचा बटवा उसवला त्याचीही कारणं इतकीच साधी असणार. हाताने शिवताना बहुतेक जणी नुसता धावदोरा घालतात, आणि माया, म्हणजे टिपेबाहेर सोडलेलं कापड, पाव इंचच ठेवतात. धावदोरा टाचण्यासाठी आहे. शिवणीसाठी उलट टीप हवी: सुई एक पाऊल मागे घालायची आणि दोन पावलं पुढे काढायची, टाका तीन मिलिमीटरच्या आसपास. माया अर्धा इंच. आणि कापड कोणतं होतं? खण असेल तर त्याचे धागे कडेने फार भराभर सुटतात. मूळचा खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. तिथल्या हातमागाच्या खणाला भौगोलिक मानांकन आहे. बाजारात मीटरवर मिळणारा पुष्कळसा खण यंत्रमागाचा, मिश्र धाग्याचा असतो. दिसायला सुरेख आणि बटव्यासाठी छानच, पण कापल्याबरोबर कडेला काजटाका (काजाला घालतो तसा, कड धरून ठेवणारा टाका) घाला किंवा आतून अस्तर लावा. इस्त्री मंद ठेवा आणि वर सुती फडकं घालून करा. ॲक्रिलिक लोकरीच्या वस्तूला तर गरम इस्त्री लावायचीच नाही, ती वितळून चपटी होते आणि पुन्हा कधीच उभी राहत नाही.

सुती कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, नाहीतर धुतल्यावर आटेल आणि शिवण ओढली जाईल. लाल, मरून आणि निळ्या कापडाचा ओला कोपरा पांढऱ्या रुमालात दाबून बघा. रंग उतरला तर ते कापड पांढऱ्या लेसेजवळ न्यायचं नाही.

बटव्याचं माप देते. कापड ७ इंच रुंद, १८ इंच लांब, एकाच तुकड्याचं, तळाला जोड नाही. दोन्ही लांब कडांची, दोन्ही टोकांकडची तीन-तीन इंच पट्टी अर्धा इंच आत दुमडून शिवून घ्या. तिथे नाडीचं तोंड येणार आहे. मग ७ इंच रुंदीची दोन्ही टोकं आधी अर्धा इंच आणि पुन्हा एक इंच आत दुमडून नेफा शिवा. आता सुलट बाजू आत ठेवून मधोमध घडी घाला आणि नेफ्याच्या खालपासून तळापर्यंत दोन्ही बाजू अर्धा इंच माया सोडून उलट टिपेने शिवा. सुरुवातीला आणि शेवटी टाके तीनदा पक्के करा, कारण बटवा उघडताना सगळा ताण तिथे येतो. तळाचे कोपरे मायेतच तिरके कापा, टिपेच्या अगदी जवळ पण टीप न कापता; मग उलटवल्यावर कोपरा टोकदार निघतो. तयार बटवा सुमारे ६ इंच रुंद, साडेसात इंच उंच.

नाडी विकत आणू नका! दुहेरी दोऱ्याची साखळी विणा, २० इंचांच्या दोन. एक उजवीकडून घालून दोन्ही नेफ्यांतून फिरवून उजवीकडेच बाहेर काढायची आणि तिची टोकं एकमेकांना बांधायची. दुसरी तशीच डावीकडून. दोन्ही ओढल्या की तोंड बंद. नाडीच्या टोकांना क्रोशाची छोटी फुलं लावली तर बटव्याचं रूपच बदलतं. कापडासाठी ओळखीच्या शिंप्याकडे कात्रणं मागा; ब्लाउजच्या कापडातून उरलेला तुकडा बटव्याला बऱ्याचदा पुरतो.

रुमालाची लेस हा माझा सगळ्यात लाडका प्रकार, कारण त्यात कापड आणि क्रोशे दोन्ही एकत्र येतात. कडा दुमडून शिवलेला सुती रुमाल घ्या. लेसेच्याच दोऱ्याने सगळीकडून काजटाका घाला, दोन टाक्यांत पाव इंच अंतर, आणि कोपऱ्यात एकाच छिद्रातून तीन. ही जी धाग्याची चौकट कडेवर तयार होते, तिच्यावर क्रोशे चढवायचं. आधी एक फेरी मुक्या खांबांची: प्रत्येक घरात दोन, कोपऱ्यावर मात्र तीन घालायलाच हवेत, नाहीतर कोपरा आत ओढला जातो. आता शिंपले. एक मुका खांब, दोन टाके सोडा, पुढच्या एकाच टाक्यात पाच खांब, दोन सोडा, पुन्हा मुका खांब. एका शिंपल्याला सहा टाके लागतात. म्हणून शिंपले सुरू करण्याआधी फेरीतले टाके मोजा, सहाने भाग जायला हवा. दोन-तीन कमी असतील तर मुक्या खांबांच्या फेरीत लांब लांब अंतरावर एकेक वाढवून घ्या, कुणाला दिसत नाही. न मोजता सुरू केलं तर शेवटी अर्धा शिंपला उरतो आणि तो लपत नाही. इथे आईची बारीक सुई बाहेर काढा. सहा महिन्यांनी हात आणि डोळे तिला तयार झालेले असतात.

कानातली आणि फुलं ताठ राहण्यासाठी पूर्वी साबुदाण्याची खळ वापरत. ताटावरच्या रुमालांना अजूनही तीच उत्तम: एक चमचा साबुदाणा दोन कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गाळायचा, रुमाल त्यात बुडवून पिळायचा, आणि टाचणी रुतेल अशा सपाट पाटीवर टाचण्यांनी हवा तसा ताणून वाळवायचा. पण पावसाळ्यात खळीला बुरशी येते आणि झुरळं लागतात, म्हणून रोज घालायच्या कानातल्यांना फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात करून ब्रशने मागच्या बाजूने लावते. ती धुवायची नाहीत, घेणाऱ्याला हे आधीच सांगा.

विकण्याचं. वाणासाठी बटवे नक्की खपतात. हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतं, त्यामुळे मागण्या डिसेंबरात येतात आणि काम दिवाळीनंतर लगेच सुरू करावं लागतं. एक बटवा हाताने शिवायला तुम्हाला दीड तास लागत असेल तर पंचवीस बटव्यांना साडेसदतीस तास. हा हिशेब होकार देण्याआधी करा. घड्याळ लावून तीन बटवे शिवा आणि सरासरी काढा. किंमत ठरवताना समजा कापड, अस्तर, दोरा मिळून ३५ रुपये आणि तुम्ही तासाला ६० रुपये धरले, तर बटव्याची किंमत १२५ झाली. "घरबसल्या तर करतेस, वेळेचे कसले पैसे?" असं म्हणणारे भेटतील, आणि ते आपल्याच नात्यातले असतील. त्यांच्यासाठी भाव पाडू नका. आंध्रातल्या नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर क्रोशाची लेस आली. तिथल्या बायका आजही ती विणतात आणि ती लेस परदेशात जाते. पण त्यांचं काम 'फावल्या वेळचं' मानलं गेलं आणि मजुरी तुटपुंजीच राहिली. खरं क्रोशे यंत्रावर होत नाही. यंत्राची म्हणून जी लेस स्वस्त मिळते ती वेगळ्याच विणीची असते. प्रत्येक टाका कुणाच्या तरी हातचा आहे, तर त्या हाताचे पैसे मागायलाच हवेत. दुप्पट वेळ लागणाऱ्या लेसेच्या रुमालाला वाणाच्या भावात बसवता येत नाही. तो आहेरासाठी ठेवा.

पहिल्या वर्षी पंचवीसहून जास्त घेऊ नका. मनगट दुखायला लागलं की टाके घट्ट होतात. अर्ध्या तासाने सुई खाली ठेवून बोटं उघडझाप करायची, हा माझ्या वर्गाचा नियम आहे.

लेकीला शिकवताना तिच्या शेजारी बसू नका, समोर बसा. तुम्ही उजव्या हाताने विणाल, ती आरशात बघावं तसं तुमचं बघून डाव्या हाताने विणेल, आणि काही समजावून सांगावं लागणार नाही. तिचं काम डावीकडून उजवीकडे जाईल, ते बरोबरच आहे, मध्येच थांबवून सुई उजव्या हातात देऊ नका. व्हिडिओ दाखवायचा असेल तर फोनसमोर आरसा धरा किंवा चित्र उलटं करणारं ॲप वापरा. रबर झाकायला तिला आधी द्या. मुलांना चौकोनाचा कंटाळा येतो, झालर आवडते.